थोरलीचा काटा

६ फेब्रुवारी १९८३, लातूर

आज अत्यंत दुःखपूर्वक नमूद करतो की आमच्या मोटारीच्या पेट्रोलच्या काट्याने सत्याची कास सोडली आहे.

जगात याहून मोठी संकटं आहेत, हे मला मान्य आहे. पाऊस आला नाही तो नाहीच. मांजरा नदीत वाळू तेवढी उरली आहे. नळ आठवड्यातून दोनदा येतो, खोकतो आणि परत जातो. जिल्हा नवा आहे, साहेब आलेत, त्यांना बसायला खुर्च्या अजून उस्मानाबादेहून यायच्या आहेत. या सगळ्याबद्दल मी नांदेडच्या दैनिकात लातूरचा वार्ताहर म्हणून रोज लिहितो. पण काट्याबद्दल लिहायला पेपरात जागा नाही. म्हणून ही वही.

आरोपाचं स्वरूप असं. बुधवारी टाकी अर्धी भरून घेतली. काटा अर्ध्यावर उभा राहिला, शहाण्या मुलासारखा. गुरुवारी औशाला जाऊन आलो. काटा थोडा उतरला, तेही रीतसर. शुक्रवार-शनिवार गाडी दारातल्या कडुनिंबाखाली उभी आणि मी पायी कचेरीत. आज बघतो तर काटा तळाला टेकायला आलेला! उभ्या गाडीचं पेट्रोल पितं कोण? मैल मोजणारे आकडे, ही गाडी आम्ही उदगीरच्या ईश्वरप्पा अडत्यांकडून घेतली तेव्हापासून मौनात आहेत. तेव्हा तो साक्षीदारही गेला.

गाडी आमच्या लग्नाहून दोन वर्षांनी मोठी. नीलम्मा तिला ‘थोरली’ म्हणते. मी घरात शिरलो की विचारते, “काय म्हणती थोरली? तुमचं तोंड बघूनच कळतंय, रुसलेली दिसती.”

नीलम्माचं स्वतःचं एक टुमणं संक्रांतीपासून चालू आहे. नांदेडला चला, डोळ्यांच्या डॉक्टरला डोळे दाखवा. चूक माझी. विजेच्या दिव्याभोवती मला रंगीत कडी दिसतात, हे मी तिला गंमत म्हणून सांगून बसलो. नव्या जिल्ह्याची वीज ती, तिला कडी असणारच. सगळ्यांना दिसत असतील, बोलत नसतील. पण नीलम्माला माझे अप्पा आठवतात. उदगीरच्या मठात पुराण सांगणारे माझे अप्पा ऐन उमेदीत आंधळे झाले. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना परसात न्यायचं काम तिच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिलं.

आज तह झाला. मी म्हणालो, “नांदेड नव्वद मैल. काट्याचा भरवसा नाही. लोह्याच्या माळावर पेट्रोल संपलं तर दोघांनी काय भजन करायचं? आधी काटा, मग डोळे.”

“यष्टीनं जाऊ की.”

“यष्टीची धूळ डोळ्यांना वाईट.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. काटा बरोबर हाय असं ठरलं, की त्याच आठवड्यात नांदेड. शबूद?”

“शब्द.”

जंगमाचा शब्द आहे. पाळावा लागेल.

९ फेब्रुवारी

चन्नबसप्पा मिस्त्रीकडे गेलो. त्याचं गॅरेज जुन्या तेलगिरणीच्या भिंतीला टेकून उभं आहे. भिंत पडली तर गॅरेज पडेल आणि गॅरेज हललं तर भिंत. चन्नबसप्पा आजवर कोणत्याही प्रश्नाला ‘ठाऊक नाही’ असं म्हणालेला नाही.

मी काही सांगण्याआधीच म्हणाला, “अर्थिंग गेलंय, स्वामी.”

मग परीक्षा झाली. डिकीतून टाकीवरची तार काढली. काटा पार तळाला. तीच तार गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. काटा टुणकन उडी मारून भरलेल्यावर. “बघा! जित्ता हाय!” म्हणजे काटा निर्दोष, तार निर्दोष. मी विचारलं, “मग अर्थिंग गेलं कसं म्हणतोस?”

“आता आलं ना,” तो म्हणाला आणि सांध्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासून हात पुसले.

घरी येऊन सांगितलं. नीलम्मा म्हणाली, “म्हणजे झाला बरोबर?”

“अजून निर्णय नाही. चार दिवस निरीक्षण.”

“करा, करा,” ती म्हणाली. इतकी समजूतदार ती एरवी नसते.

१७ फेब्रुवारी

निरीक्षणाचा निष्कर्ष: काटा पुन्हा घसरला. मी औसा सोडून कुठेच गेलो नव्हतो.

चन्नबसप्पाला घरी बोलावलं. त्याचा नवा सिद्धांत असा की टाकीत पोकळ पितळी बोंडूक तरंगतं, त्याला भोक पडलं असणार. पेट्रोल आत गेलं की ते बुडतं आणि काटा खोटं बोलतो. ऐकायला फार पटलं. बोंडूक बाहेर काढलं, लिंबाएवढं. कानाशी हलवून पाहिलं. आत काही वाजेना. तरी पाण्यात टाकून बघू म्हटलं.

“पाणी?” नीलम्मा उंबऱ्यात उभी. “माणसांना अंघोळ न्हाई आणि थोरलीला अंघोळ?”

शेवटी तांदूळ धुतलेलं पाणी मिळालं. बोंडूक त्यात असं तरंगलं की जणू त्याचा तोच धंदा. एक बुडबुडा नाही. चन्नबसप्पा थोडा हिरमुसला. नीलम्मा त्याहून अधिक, कारण ते पाणी बेलाला घालायचं होतं आणि आता त्याला पेट्रोलचा वास लागला होता. “महादेवाला असला बेल वाहिला तर दिवा लावायला भ्यावं लागल,” म्हणाली.

शेजारचे व्यंकटराव कुंपणावर हात ठेवून सगळं बघत होते. हे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. माणूस अबोल. आयुष्यभर ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखाली बसल्याचा परिणाम असावा. मी म्हणालो, “काय व्यंकटराव, तुमचं मत?”

“मी कशाला बोलू, स्वामी,” म्हणाले आणि उगाच खोकले.

आणखी एक. गाडीची सीट आपोआप पुढे सरकते. आज बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. खाचा झिजल्या असाव्यात. म्हातारपण एकटं येत नाही, गाडीलासुद्धा.

२५ फेब्रुवारी

चन्नबसप्पाचा तिसरा सिद्धांत: चोरी. “दुष्काळ हाय, स्वामी. लोक काय बी चोरतेत.” टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतलं. किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला टांगली. तिथे नीलम्माची नजर चोवीस तास असते, तेव्हा त्याहून सुरक्षित जागा लातूर जिल्ह्यात नाही.

संध्याकाळी चहा पिताना तिला न्यायशास्त्र समजावलं. उदगीरच्या पाठशाळेत गुरुजींनी आम्हाला शिकवलं, ते काही अगदीच वाया गेलेलं नाही. म्हटलं, ज्ञान होण्याची साधनं, म्हणजे प्रमाणं, ठरलेली आहेत. स्वतः बघणं ते प्रत्यक्ष. धुरावरून विस्तव ओळखणं ते अनुमान. भरवशाच्या माणसाने सांगितलेलं ते शब्द. आता काट्याचं सांगणं हे शब्दात मोडतं, आणि भरवसा तर उडालेला. काविळीच्या रोग्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, त्यात शंखाचा काय दोष? तसं पेट्रोल आहे तिथेच आहे. काट्याला कावीळ झाली आहे.

नीलम्माने बशी खाली ठेवली. “कावीळ काट्याला होती का बघणाऱ्याला?”

याला पाठशाळेत उत्तर होतं. पण चहा गार होत होता.

५ मार्च

कुलूप शाबूत. काटा खाली.

गळतीचा संशय घेऊन रात्रभर टाकीखाली आमच्याच दैनिकाचा अंक अंथरून ठेवला, दुष्काळी कामांवरची माझी बातमी वर येईल असा. सकाळी नीलम्मा तो घेऊन आत आली. “अभिनंदन. तुमच्या बातमीवर एक डाग न्हाई.”

लातूरच्या सायकलस्वारांबद्दल लिहिलं पाहिजे. पूर्वी हे लोक दुरून दिसत. हल्ली डाव्या बाजूला एकदम प्रकट होतात, नाटकात देव प्रकटतात तसे. आज गंजगोलाईत एकाने मला अपशब्द वापरले. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून लोकांना शिस्त राहिली नाही.

कचेरीच्या नव्या पायऱ्याही चुकीच्या बांधल्या आहेत. शेवटची पायरी नको तिथे आहे. मी दोनदा ठेचकाळलो. इतर कोणी ठेचकाळलेलं दिसलं नाही, पण इतर लोक तिथे घाईने जात नाहीत.

१४ मार्च

दुपारी कचेरीतून परत आलो तर फाटकाचा दगडी खांब खरचटलेला! त्यावर हिरवा रंग. पाण्याचे टँकर या गल्लीतून कसे धावतात ते मी जाणतो. तडक बसून ‘टँकरचालकांचा बेदरकारपणा’ असा मजकूर लिहिला आणि पाचच्या गाडीने नांदेडला धाडला.

नीलम्माला वाचून दाखवला. तिने तो फार शांतपणे ऐकला. “टँकर हिरवा होता का?” म्हणाली.

“रंगावरून तसंच दिसतं.”

“आपली थोरली बी हिरवीच की.”

“थोरली उभी असते. उभी गाडी खांबाला धडकत नाही. हे अनुमान आहे.”

“आयतु, झालं,” ती म्हणाली. तिच्या माहेरी कानडी बोलतात. वाद संपवायचा असला की तिला तीच भाषा सापडते.

तिच्या तळहाताला घट्टे पडलेत. हातपंपाचा दांडा ओढून पडले म्हणते. बोअरचं पाणी खोल गेलंय खरं. मी म्हटलं, उद्यापासून पंपावर मी जातो. तर घाईने म्हणाली, नको, बायकांत गडी माणूस शोभत न्हाई.

संध्याकाळी तिला बाजारात नेलं. रेल्वे फाटकाशी गाडी चढाला थांबवून धरली होती. नीलम्मा समोर बघत सहज बोलून गेली, “असं अर्ध्या क्लचवर धरू न्हाई. प्लेट जळती.”

मी चकित. “हे तुला कोणी सांगितलं?”

“सुम्ने… असंच. व्यंकटभाऊ बोलत व्हते कुणाला तरी.”

व्यंकटराव बोलत होते, हीच मोठी बातमी.

२३ मार्च

आता मध्यस्थच नकोत. कडुनिंबाची एक सरळ काडी तासली, तिच्यावर चाकूने खाचा पाडल्या. टाकीत घालायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते बघायचं. जुन्या गाड्यांचे सगळे मालक हेच करत. शुद्ध प्रत्यक्ष.

आज पाहिलं तर ओल तिसऱ्या खाचेच्या वर. काटा मात्र पावाखाली. काट्याचा खोटेपणा सिद्ध!

“दाखवा बघू,” नीलम्मा. तिने काडी उजेडात धरली, मग नाकाजवळ नेली. “ही तिसरी खाच म्हणता?”

“मग?”

तिने काडी कोनाड्यात ठेवून दिली आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. पाणी नसताना इतकी भांडी कशाला काढली असतील?

२ एप्रिल

विशेष काही नाही. उजव्या भुवईच्या वर दुखतं. उन्हाळा आहे.

गाडीतला आरसाही हललेला. मागचा रस्ता दिसण्याऐवजी त्यात सीटच दिसते. गाडी थरथरते म्हणून असं होत असेल.

११ एप्रिल

काल जे घडलं ते क्रमाने लिहितो.

उदगीरला आमच्या लेकीच्या, सिंधूच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं. गाडीनेच गेलो. मठाच्या स्वामींनी बाळाला लिंगधारण केलं, बायकांनी कानात नाव सांगितलं, जेवणं उशिरा उठली. निघायला ऊन उतरलं. निघताना मी सिंधूच्या दारातल्या सावलीत काडी टाकून पाहिली. तिसरी खाच. नीलम्मा गाडीत डोकावून म्हणाली, “काटा तळाला हाय. स्टेशनापाशी पंप हाय, घेऊन टाका.”

मी तिला पुन्हा प्रत्यक्ष आणि शब्द यांतला भेद सांगितला. जावईबापू ऐकत होते, त्यामुळे थोडा लांबवलाच.

नळेगाव मागे पडलं आणि थोरली दोनदा उचकी देऊन थांबली. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, त्यांत काही उगवलेलं नाही. दिवस मावळायला आलेला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. नीलम्माने काहीच टोमणा मारला नाही. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

ती उतरली. डिकी उघडली. बाळंतिणीने परत दिलेल्या दुपट्यांच्या गाठोड्याखालून तिने पेट्रोलचा एक डबा काढला. कालच्या अंकाचा कोन केला, कमरेची किल्ली घेऊन झाकणाचं कुलूप काढलं आणि एक थेंब न सांडता टाकीत पेट्रोल ओतलं.

“हे कधी ठेवलंस?”

“निघताना. बसा, अंधार पडायच्या आत निघू.”

निघालो. समोरून एक ट्रक दिवे लावून आला. त्याच्या दिव्यांना अशी मोठाली कडी आली की सगळा रस्ता त्यांत बुडाला. मी सवयीने डावीकडे घेतलं. डावीकडे मला काहीच नव्हतं. रस्ता होता, एवढंच.

“अहो, गाडी! बैलगाडी!”

ब्रेक दाबला. थोरली आडवी होऊन उभी राहिली. कडब्याची गाडी बॉनेटपासून हातभर अंतरावर, माझ्या डाव्या अंगाला, हत्तीएवढी. ती आधीपासून तिथे होती. गाडीवान खाली उतरला. त्याच्यामागे कडब्यावर त्याची बायको बसली होती, मांडीवर लेकरू. तो शिव्या देणार म्हणून मी काच खाली केली. त्याने माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, “मालक, बरं न्हाई का तुमाला?”

बैलगाडी गेली. नीलम्मा खाली उतरली, फिरून माझ्या दाराशी आली. “उतरा.”

“अगं, पण…”

“तिकडं बसा म्हणलं.”

मी बसलो. तिने पदर खोचला, सीटखालची पट्टी ओढली आणि सीट खटकन पुढे घेतली. आरसा दोन बोटांनी खाली केला. हे सगळं इतक्या सरावाने, की ती चूल पेटवते तेव्हाही इतकं सहज करत नाही. मग पुन्हा उतरून तिने डिकीतून पुठ्ठ्याची एक पाटी आणली आणि पुढच्या नंबराला सुतळीने बांधली. पांढऱ्यावर लाल ‘एल’ अक्षर. शिकाऊ चालक.

सीट. आरसा. घट्टे. खांब. टँकर.

ती सावकाश चालवते. खड्डा आला की थोरलीला “अम्मा, हळू” म्हणते. समोरून दिवे आले की डावीकडे घेते, पण आधी डावीकडे बघते. घरापर्यंत तिनेच आणलं. शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक बसावा लागतो. तेवढं काम मी केलं.

फाटकातून आत घेताना तिने खांब अगदी व्यवस्थित चुकवला.

१४ एप्रिल, पाडवा

निंबाचा पाला खाऊन झाल्यावर व्यंकटरावांना बोलावलं. चहा दिला. खटला चालवला.

“किती दिवस चाललंय हे?”

“वैनी सांगतील,” व्यंकटराव कपात बघत.

“तुम्ही माझ्या अंगणात माझ्या बायकोला माझी गाडी शिकवता, आणि मी माझ्या काट्याला शेजारी उभा राहून दोष देतो, तुम्ही नुसते खोकता?”

“वैनीनं शपथ घातली व्हती. अन् स्वामी, खरं सांगू? तीस साल एस.टी. चालवली, पर गाडीला इतकं चुचकारून चालवणारा मानूस बघितला न्हाई. दुपारी तुम्ही कचेरीत गेला की आम्ही निघायचो, बाभळगावच्या रस्त्याला. मी नुसता बसून राहिलो. बस्स.”

“आणि खांब?”

“ते पयल्याच हप्त्यातलं व्हतं. उन्हात तुमाला दिसलं न्हाई ह्येच…” ते थांबले. “ते तुमाला नंतर दिसलं.”

व्यंकटराव गेल्यावर मी नीलम्माला म्हणालो, “परवाना?”

“नव्या ऑफिसात काढला. आधी असतं तर उस्मानाबादला जावं लागलं असतं. तुम्हीच लिहिलं व्हतं ना, नव्या जिल्ह्याचा सामान्य माणसाला काय फायदा म्हणून? झाला.” मग पदराने भांडं पुसत म्हणाली, “तिथला कारकून विचारत व्हता, बाई, तुम्हाला कशाला पाहिजे गाडी? मी म्हणलं, आमच्या स्वाम्यांना फिरायची हौस लई.”

“मला सांगितलं असतंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही न्याय सांगत बसला असता.”

“म्हणजे इतके दिवस तुला माहीत होतं, की काटा बरोबर आहे.”

“पयल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस? त्याच आठवड्यात नांदेड ठरलं होतं.”

तिने भांडं खाली ठेवलं. “मला अजून नांदेडपर्यंत चालवता येत नव्हतं. जाताना तुम्ही चालवाल. येताना डोळ्यांत औषध घातल्यावर कोण? म्हणून मला वेळ पाहिजे व्हता.” थांबली. “अन् तुम्हाला बी पाहिजे व्हता.”

“मला कशाला?”

तिने भांडं पुन्हा उचललं. गुढीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “संक्रांतीला तुम्ही तिळगूळ माझ्या हातावर ठेवलात, तो हाताच्या बाजूला पडला. तुम्ही हसून म्हणालात, तिळगुळाला पण पाय फुटले. मी त्या दिवशी व्यंकटभाऊंकडं गेले.”

मला तो तिळगूळ आठवत नाही. हसलो ते आठवतं.

१५ एप्रिल

चन्नबसप्पा आला होता. त्याने नवाच सिद्धांत आणला: टाकीतलं तारेचं वेटोळं झिजलंय. नीलम्मा दारातून म्हणाली, “चन्नबसण्णा, काटा बरोबर हाय. आता आमच्या घरात त्याच्यावर कुणी बोलायचं न्हाई.”

“मी म्हणलोच व्हतो,” तो म्हणाला. “अर्थिंग आलं तेव्हाच.”

तो गेल्यावर मी टँकरचालकांबद्दल खुलासा लिहायला बसलो. ‘उपरोक्त खांबास झालेली इजा ही टँकरमुळे नसून कौटुंबिक स्वरूपाची आहे.’ फाडला. मग साधा लिहिला.

१७ एप्रिल

उद्या पहाटे निघायचं. डॉक्टरांची वेळ ठरली आहे. टाकी भरलेली, काटा भरलेल्यावर, नीलम्माने मला तो बोट लावून दाखवला आणि मी ‘प्रमाण’ म्हणालो. ती हसली. दशम्या बांधून ठेवल्या आहेत, पाण्याचे दोन घडे डिकीत. जाताना चालवणार तीच. अहमदपूरपर्यंतचा रस्ता ती व्यंकटरावांबरोबर एकदा जाऊन आली आहे, हेही मला आजच कळलं. पुढचा आम्ही दोघं पहिल्यांदाच बघू.

आत्ता दिवा लावला तर त्याला कडं आहे. नव्या जिल्ह्याच्या विजेचा दोष म्हणून चालणार नाही. हा कंदील आहे. वीज गेलेली आहे.

गुरुजी शंखाचं उदाहरण द्यायचे तेव्हा अप्पा मठाच्या ओसरीत बसून ऐकत असत. तोवर त्यांना दिसेनासं झालं होतं. एकदा म्हणाले, “विरूपाक्षा, पिवळा तर पिवळा, त्याला शंख दिसतो तरी.” आम्ही मुलं हसलो. तेही हसले.

त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोथी दिसेना. मला सत्तेचाळीस पूर्ण आहेत. डावीकडचं मला दिसत नाही. दिवाळीपासून दिसत नाही. ते मला ठाऊक आहे आणि नीलम्मालाही ठाऊक आहे. मला वाचता येणार नाही, लिहिता येणार नाही, ही भीती आहेच. पण आत्ता नीलम्मा पलीकडे उशीवर डोकं ठेवून झोपली आहे, उद्याच्या रस्त्याचं काहीतरी पुटपुटते आहे, आणि मी कंदील जवळ नेऊन तिचं तोंड बघतो आहे. खरी काळजी एवढीच आहे. पुढच्या वर्षी मला हे दिसेल का, मला माहीत नाही.